शुमदेचं केंद्र

हेलिकॉप्टर उतरायचं असेल तिथे आधी पाणी मारून धूळ बसवावी लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते खाली आलं आणि शुमदे गावच्या खळ्यावरचा सगळा भुसा, धूळ आणि नुकत्याच मळलेल्या जवाचा चांगला हिस्सा आभाळात गेला. बाया तोंड फिरवून खाली बसल्या. जनावरं दावी तोडून टेकडीकडे पळाली.

"पाहुणे आले म्हणायचे," कुन्झेस डोळे चोळत म्हणाली. "आमचं वर्षाचं धान्य घेऊनच परत जाणार असं दिसतंय."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अरे, जनावरं गेली ना वर! तू जा, घेऊन ये सगळी. पाहुण्यांचं मी बघते."

नामग्याल काठी उचलून टेकडीकडे निघाला. त्याला लांब पाठवायची तिला घाई झाली होती, हे मला तेव्हा जाणवलं नाही. आमची दोन वर्षांची खटपट आता पुढच्या काही तासांवर येऊन ठेपली होती. वैमानिकाने उतरल्या उतरल्या बजावलं होतं की दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, त्याच्या आत निघायचं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी मूळची देवगडची. बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. पुण्याच्या एका संस्थेत नोकरी लागली आणि डॉ. दिगंबर ठोसर मला लडाखला घेऊन गेले. ठोसर सरांनी उभी हयात हिमनद्यांमागे घालवली होती. त्यांच्यामुळे मी शुमदेला पोचले.

शुमदेला तेव्हा रस्ता नव्हता. हिवाळ्यात खिंड बंद झाली की बाहेर जायला एकच वाट उरायची, ती म्हणजे गोठलेली नदी. लोक नदीवरच्या बर्फावरून चालत, कपारींत मुक्काम करत, लेहला जात. त्या वाटेला तिकडे चादर म्हणतात. मुलं लेहच्या वसतिगृहात राहून शिकायची. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलांना आईबाप त्याच वाटेने शाळेत पोचवायचे. पुढचा माणूस काठीने बर्फ ठोकत चालणार आणि आवाजावरून ठरवणार, पाय टाकायचा की नाही. बापजाद्यांपासून हे चालत आलं होतं. पण थंडी आता पहिल्यासारखी पडेनाशी झाली होती. वरच्या हिमनदीतून भर हिवाळ्यात पाणी सुटायचं, बर्फाखालून वाहत यायचं आणि बर्फ आतून पोखरायचं. वरून दिसायला सगळं जागच्या जागी. ठोकलं तरी आवाज भरीव.

सरांना शुमदेला कायमचं केंद्र उभारायचं होतं. वर हिमनदीजवळ आणि खाली नदीत मोजणीची यंत्रं, गावात एक पक्की खोली, छपरावर सौर पट्ट्या आणि एक वायरलेस. वरून पाणी सुटलं की खालच्या गावांना लगेच कळावं, बर्फावर उतरू नका. बाकीच्या जगाला हिमनद्यांची वर्षानुवर्षांची माहिती मिळाली असती, ती वेगळीच. पैशासाठी फिरलो त्या सगळ्या कार्यालयांत लोकांनी माना डोलावल्या, चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेवटी मुंबईच्या एका ट्रस्टने कळवलं, आम्ही येऊन जागा बघतो.

आम्ही कुन्झेसच्या घरी राहायचो. मी तिला आचे म्हणायची. आचे म्हणजे थोरली बहीण. ती मला नोमो म्हणायची, म्हणजे धाकटी. नामग्याल घोडेवाला होता. उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांचं सामान घोड्यांवरून न्यायचा, त्यामुळे त्याला चांगलं हिंदी यायचं. कुन्झेसचं तोडकंमोडकं होतं. त्यांना एकच मुलगी होती, यांगडोल. आम्ही तिथे जायच्या आदल्या हिवाळ्यात, शाळेत परत जाताना ती नदीत गेली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिला सोडायला कुन्झेस गेली होती. घरात भिंतीला मुलीचा एक फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. कुन्झेस तो रोज पुसायची, पण मुलीविषयी चकार शब्द काढायची नाही. गावानेही तिला कधी छेडलं नाही.

नामग्याल मात्र विचारायचा. संध्याकाळी चुलीपाशी बसलेले असायचो. चहात मीठ घालताना, नाहीतर घोड्याचा पट्टा शिवताना तो मान वर न करता म्हणायचा, "शेवटी काही बोलली होती का गं ती?"

"नाही. काही नाही. वेळच कुठे होता?"

तो मान हलवायचा. काही आठवडे गेले की पुन्हा तेच विचारायचा, आणि पुन्हा तेच उत्तर घेऊन गप्प बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, याच्या लक्षात राहत नसेल. हळूहळू कळलं, त्याच्या सगळं लक्षात होतं. उत्तर कधीतरी बदलेल, एवढ्याच आशेवर तो विचारत होता.

ट्रस्टची माणसं यायच्या आदल्या दिवशी सर आणि मी आलेख लावत बसलो होतो. कुन्झेस पलीकडे पीठ मळत होती. सर एकदम म्हणाले, "हेमांगी, आकड्यांनी माणूस हलत नाही गं. मी तीस वर्षं आकडे दाखवतोय. गावातलं कुणीतरी बोललं पाहिजे." आणि त्यांची नजर कुन्झेसकडे गेली.

"सर, नको," मी म्हणाले.

"मी कुठे काय म्हणतोय?"

"म्हणूही नका."

सर ओशाळले. भला माणूस होता तो. "बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि पुन्हा आलेखात डोकं घातलं. हे सगळं आम्ही मराठीत बोललो होतो. कुन्झेसला मराठीचा गंध नव्हता. पण दोन माणसं आपल्याकडे बघून एकदम गप्प झाली, हे कळायला भाषा लागत नाही.

पाहुणे दोघे होते. भरूचा बाई ट्रस्टच्या प्रमुख. साठीच्या, बारीक चणीच्या. वर आल्यावर त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी भेटेल त्याला हात जोडत होत्या. दुसरे सोमानी, खर्चाचं बघणारे. कुन्झेसच्या मोठ्या खोलीत चुलीभोवती गालिचे अंथरून बैठक झाली. गावचे म्हातारे एका बाजूला, पाहुणे समोर. कुन्झेस चुलीपाशी. बोलणं इंग्रजीत चालणार होतं, ते हिंदीतून इकडचं तिकडे करायला मी मध्ये.

सर सुंदर बोलले. त्यांचं इतकं चांगलं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. सोमानींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या विज्ञानाबद्दल शंकाच नाही. माझा प्रश्न साधा आहे. हीच यंत्रं महामार्गाजवळच्या एखाद्या हिमनदीवर लावली तर? गाडी दारापर्यंत जाईल, दुरुस्तीला माणूस जाईल. इथे एक खिळा आणायचा तर घोडा लागतो. तुम्हाला माहिती हवी आहे, ती तिथेही मिळेल."

"माहिती मिळेल," सर म्हणाले, "पण इथल्या लोकांना..."

"इथे घरं किती?" सोमानींनी हिंदीतच विचारलं.

सरांनी आकडा सांगितला. सोमानींनी तो कागदावर लिहून त्याखाली रेघ ओढली. त्यांना बोलायची गरजच नव्हती. गावच्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतात म्हणून. त्याचा अर्थ मला त्यांना सांगवेना.

भरूचा बाई हळूच म्हणाल्या, "आम्हाला सगळीकडेच द्यावंसं वाटतं हो. पण कुठेतरी निवड करावी लागते." आणि त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर वाऱ्याची पहिली झुळूक आली होती.

तेव्हा कुन्झेस बोलली.

"मॅडम, मी सांगू का?"

मी पटकन म्हणाले, "आचे, नको."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओल्या हाताने तिने अंगरख्याची बाही खाली ओढली आणि भरूचा बाईंच्या समोर येऊन बसली. तिच्या मोडक्या हिंदीत ती एकेक वाक्य जोडत गेली. मध्ये थांबायची, शब्द शोधायची. तिचं म्हणणं होतं ते असं:

"त्या वर्षी नवऱ्याचा पाय मोडला होता. म्हणून पोरीला सोडायला मी गेले. दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी पुढे होते, काठी ठोकत. आवाज चांगला होता. मी त्याच बर्फावरून पार झाले. ती माझ्या मागून आली, माझ्याच पावलांवरून. तडकल्याचा आवाज आला. मी ओरडले, उडी मार. तिने मारली. पण तिच्या पायात नवे बूट होते. शाळेचे. सैल होते. मी सकाळी म्हटलं होतं, जुने घाल, हे शाळेत गेल्यावर काढ. तिला मैत्रिणींना दाखवायचे होते. उडी मारली तेव्हा बूट बर्फात अडकला आणि पाय आत सटकला. तिला नीट उडी घेता आली नाही."

बोलता बोलता ती गालिच्यावर पुढे वाकली.

"मी पालथी पडले. तिचा हात माझ्या हातात होता. खालून पाणी ओढत होतं. ती रडत नव्हती. तिला कळलंच नव्हतं, काय होतंय ते. माझ्याकडे बघून म्हणाली, 'आमा, रागावू नकोस हं. बूट गेला.'"

कुन्झेस थांबली. भरूचा बाईंनी तोंडावर हात धरला होता.

"मी रागावणार नाही, एवढं तरी म्हणायचं होतं मला. तेवढ्यात..." तिने हाताची मूठ उघडून दाखवली. "मॅडम, आमच्या गावात घरं थोडी आहेत. पण मुलं अजून आहेत."

मी मान वर केली ती दाराकडे. दारात नामग्याल उभा होता.

जनावरं त्याला लवकर सापडली असणार. पाहुण्यांसाठी बाहेर ठेवलेला चहाचा थर्मास घेऊन तो आत आला होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. त्याचा चेहरा बघून मला कळलं, त्याने सगळं ऐकलंय. कुन्झेसने माझ्या नजरेमागे वळून बघितलं. तिचा हात तसाच उघडा राहिला.

नामग्याल पुढे आला, भरूचा बाईंच्या पेल्यात चहा ओतला, मग सोमानींच्या, मग सरांच्या, म्हाताऱ्यांच्या, माझ्या. शेवटी वाकून बायकोच्या पेल्यात ओतला. एक थेंबही बाहेर सांडला नाही. थर्मासचं झाकण घट्ट लावून त्याने तो चुलीपाशी ठेवला आणि बाहेर गेला.

सोमानींनी समोरचे कागद गोळा केले. "मॅडम, मला आणखी काही विचारायचं नाहीये," ते म्हणाले. भरूचा बाईंनी कुन्झेसचे दोन्ही हात धरले. "केंद्र इथेच होईल," त्या म्हणाल्या. "मी शब्द देते." आणि त्यांनी तो पाळलाही. वाईट माणसं नव्हती ती.

हेलिकॉप्टर गेल्यावर म्हातारे सरांना मिठ्या मारत होते. सर रडत होते. मी नामग्यालला शोधत ओढ्याकडे गेले. तो दगडावर बसून खोगिराचा पट्टा बघत होता. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

"नोमो," तो म्हणाला. तोही मला तशीच हाक मारायचा. "कुठला बूट म्हणाली ती? उजवा की डावा?"

"ते नाही सांगितलं तिने."

त्याने मान हलवली. पट्टा बाजूला ठेवला. "बूट मी आणले होते लेहहून. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठा घ्या, पोर वाढतं आहे, दोन वर्षं चालतील. मला पटलं. घरी आणल्यावर ते तिला फारच ढगळ झाले. मग मी उजव्याच्या टोकात लोकर भरून दिली. डाव्याला पुरली नाही. म्हटलं, तिला सांगू, शाळेत गेल्यावर कापूस घाल."

ओढ्याचं पाणी वाहत होतं. मग माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं कुन्झेस 'काही नाही बोलली' म्हणून का सांगत होती. तिला हे बूट त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नव्हते. मुलीचा शेवटचा शब्द तिने एकटीने गिळून ठेवला होता, त्याला जगता यावं म्हणून. आणि आज गावातल्या बाकीच्या मुलांसाठी तोच शब्द बाहेर काढला, तो समोर नाही अशी खात्री करून घेऊन.

"तुम्ही आचेलाच विचारा," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "विचारीन."

मला नाही वाटत त्याने कधी विचारलं. त्या दिवसापासून चुलीपाशी तो प्रश्न पुन्हा आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्राचं सामान आलं. खिंडीपासून गावापर्यंत सगळं घोड्यांवर वाहायचं होतं. नामग्यालने त्या कामात स्वतःला गाडून घेतलं. सिमेंटची पोती, लोखंडी खांब, यंत्रांच्या पेट्या, सगळं त्याच्या हातून गेलं. नदीच्या पात्रात खांब रोवायला कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उतरला तोही तोच. सरांनी त्याला किती वेळा बाहेर ओढलं असेल. घरात तो बायकोशी नेहमीसारखा वागायचा. पाणी आणून द्यायचा, लाकडं फोडायचा, तिने विचारलं तर उत्तर द्यायचा. भांडण झालेलं मी ऐकलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

हिवाळ्याच्या तोंडाला वायरलेसवरून लेहचा पहिला आवाज आला. गावाने त्या दिवशी ढोल वाजवले. दोन दिवसांनी, खिंडीत पहिला बर्फ पडायच्या आधी, नामग्यालने घोड्यांवर सामान लादलं आणि तो कारगिलकडे बहिणीच्या गावी निघून गेला. लोकांना वाटलं, हिवाळ्यापुरतं काम शोधायला गेलाय. मलाही तसंच वाटलं. तो परत आला नाही. केंद्र पुढे खोऱ्यात रस्ता होईपर्यंत चाललं. रोज सकाळी बर्फावर उतरून यंत्राचं बघायचं काम कुन्झेसने मागून घेतलं होतं, आणि ती ते करत राहिली. त्या वर्षांत चादरीवर शुमदेचं एकही मूल दगावलं नाही.

मला आठवतो तो मात्र पहिला हिवाळा. सर आणि मी यंत्रांसाठी तिथेच राहिलो होतो. सुट्टी संपली. मुलांची बोचकी बांधून झाली, आणि त्याच सकाळी वरच्या यंत्राने पाणी सुटल्याचं दाखवलं. सरांनी सांगितलं, थांबा. आईबाप कुरकुरले. शाळा बुडेल, बर्फ तर दगडासारखा आहे, आम्ही काय आज चालतोय का? पण थांबले. तासाभरातच गावाखालच्या वळणावर, जिथवर ते तोवर पोचले असते, अख्खं पात्र आवाज करत फुटलं. आम्ही सगळ्यांनी काठावरून बघितलं. एका बाईने आपल्या मुलाला घट्ट धरलं आणि त्याला घेऊन ती घराकडे वळली.

मग पाणी ओसरलं, बर्फ पुन्हा धरला आणि मुलं निघाली. ती लेहला पोचल्याचा निरोप वायरलेसवर आला तेव्हा मी बर्फातून पळत कुन्झेसच्या घरी गेले. ती गोठ्यात होती, जनावरांना गवत घालत.

"आचे! पोचली. सगळी पोचली."

"बरं झालं," ती म्हणाली. "खरंच, फार बरं झालं." हातातली पेंढी तिने सोडून पसरली. मग गव्हाणीच्या काठाला धरून उभी राहिली.

"नोमो, जाताना नामग्याल काय म्हणाला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

"मला वाटलं होतं, बुटाचं ऐकून तो मरून जाईल. म्हणून नाही सांगितलं मी. तो रागावला नव्हता गं. घोड्यावर सामान बांधत होता. म्हणाला, 'हे तू मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलो असतो. मग काय व्हायचं ते आपलं दोघांचं झालं असतं. तू त्या परक्या लोकांना सांगितलंस, आणि मी हातात चहा घेऊन उभा होतो. आता मी कुणाजवळ जाऊन रडू?'"

जनावरं गवत चावत होती. कुन्झेसच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. इतका वेळ तिने ते कसं धरून ठेवलं होतं, मला ठाऊक नाही.

"आचे, त्यांना बोलावून घे," मी म्हणाले. "आता वायरलेस आहे. कारगिलला कळवता येतं. मी आत्ता निरोप पाठवते."

ती माझ्याकडे वळली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखा झाला.

"काय निरोप पाठवायचा?" तिने विचारलं.

ती खरंच विचारत होती. मी शिकलेली, दूरच्या गावाहून आलेली, मला ठाऊक असेल असं तिला वाटलं असणार. माझ्या तोंडाकडे बघत ती गव्हाणीला धरून उभी राहिली, किती तरी वेळ. मला एक शब्द सुचला नाही.